फ्रेंच उच्चार घोकायचे नसतात

फ्रेंच शिकू पाहणाऱ्याला हमखास ऐकवलं जातं: अर्धी अक्षरं मुकी, शेवटचं व्यंजन कधीच म्हणायचं नाही, लेखनाचा उच्चाराशी संबंध नाही, म्हणून प्रत्येक शब्द घोका. पुरावा म्हणून पुढे केला जातो ‘वाझो’, म्हणजे पक्षी. लिहितात ओ-आय-एस-ई-ए-यू.

पण हा शब्द नियमांनीच उलगडतो. ओ-आय म्हणजे ‘वा’. ई-ए-यू म्हणजे ‘ओ’. दोन स्वरांमधल्या एकट्या एसचा ‘झ’ होतो आणि असं एकटं व्यंजन पुढच्या स्वराकडे जातं: वा-झो. एस दोनदा आला तर ‘स’च राहतो. म्हणून ‘प्वासों’ म्हणजे मासा आणि ‘प्वाझों’ म्हणजे विष. इथे चुकलेलं परवडत नाही.

‘शेवटचं व्यंजन कधीच नाही’ हेही खोटं. साक (पिशवी), मेर (समुद्र) यांत ते स्पष्ट ऐकू येतं. ‘ताबा’ (तंबाखू) मधला सी गप्प असतो, ‘पार्ले’ (बोलणे) मधला आर तसाच. आपल्या पार्ल्याशी त्याचा संबंध नाही. शिवाय गप्प व्यंजन पुढे स्वर आला की अनेकदा जागं होतं: ‘ले’ (शेवटी गप्प एस) अधिक ‘आमी’ (मित्र) म्हणजे ले-झा-मी.

खरी गंमत अनुनासिकांत आहे. ‘आंग्ले’ (इंग्रज) आणि ‘आनिमाल’ (प्राणी) दोन्ही ए-एननेच सुरू होतात. पहिल्यात एनपुढे व्यंजन आहे, म्हणून तो ‘ए’पाशीच राहून नाकात विरतो. दुसऱ्यात पुढे स्वर आहे, एन तिकडे जातो: आ-नि-माल. एं-पॉर-तां (महत्त्वाचं) आणि इ-माझ (प्रतिमा) यांतल्या आय-एमचंही तेच. ‘बों’ (चांगला) चं स्त्रीलिंग ‘बॉन’ होतं ते शेवटच्या मुक्या ईमुळे. म्हणजे मुकी अक्षरंही काम करतात. लिहिताना ‘बॉन’चे दोन तुकडे धरतात, उच्चारात तो एकच. आपणही ‘बसला’ लिहून बस्-ला म्हणतोच. दक्षिण फ्रान्समध्ये मात्र हा ई अजून ऐकू येतो.

अपवाद आहेत. ‘फाम’ (स्त्री) मध्ये ईचा ‘आ’ होतो. ‘कूवां’ (मठ) आणि ‘कूव’ (अंडी उबवतात) यांचं लेखन एकच, संदर्भानेच कळतं.

गोंधळ दिशेचा आहे. लिहिलेलं वाचणं बरंचसं नियमबद्ध. ऐकलेलं लिहिणं अवघड. ‘वेर’ ऐकलं तर काच, हिरवा, अळी की ‘च्या दिशेने’? चौघांचं लेखन वेगळं. घोकावं लागतं ते इथे, आणि शाळेतल्या ‘दिक्ते’त, म्हणजे श्रुतलेखनात, फ्रेंच मुलंही इथेच अडखळतात.