अर्ध्या तिकिटाचं उरलेलं अर्धं

हल्ली कोणाच्याही प्रवासाच्या फोटोंखाली एक वाक्य हमखास असतं, 'एकदम कमी पैशात फिरून आलो.' मीही कमी पैशातच फिरते. मराठवाड्यात, एकटी, एसटीनं नाहीतर पॅसेंजरनं. आणि जसजशी फिरते तसतसं एक मत पक्कं होत चाललंय. माझा प्रवास स्वस्तात होतो, त्यात माझी हुशारी फार थोडी आहे. माझ्या वाटणीचं कोणीतरी आधीच भरून ठेवलेलं असतं.

सरळ हिशोबच बघा. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. उरलेलं अर्धं सरकार महामंडळाला देतं, म्हणजे आपण सगळेच देतो. घराचा हप्ता आणि पोरीची फी गेल्यावर हातात थोडंच उरणाऱ्या माझ्यासारखीला यानं काय मिळालं? लातूरहून अंबाजोगाईला जायला कारण लागेनासं झालं. लग्न, मयत, दवाखाना, यातलं काही नसलं तर बाई कशाला गाडीत बसेल, असं आमच्याकडे धरून चालायचे. आता दुपारच्या गाडीत डोकावून बघा. माहेरी निघालेल्या, योगेश्वरी देवीला निघालेल्या, आणि दोन-चार नुसत्याच निघालेल्या. खिडकीबाहेर सोयाबीनचं हिरवं रान, मांडीवर डबा, शेजारच्या मावशींनी अर्धवट झोपेत माझ्या खांद्यावर टेकवलेलं डोकं. मला त्या डोक्याचं ओझं होत नाही. उलट ओळखपाळख नसताना कोणी इतक्या विश्वासानं झोपलं याचं फार बरं वाटतं.

येळवसेचं सांगितल्याशिवाय मात्र माझं म्हणणं पुरं होणार नाही. बाहेरच्यांसाठी सांगते, मार्गशीर्षातली अमावस्या. लातूर, धाराशिवकडे त्या दिवशी गावं ओस पडतात आणि शिवारं भरतात. बाजार बंद, रस्ते मोकळे, सगळं माणूस रानात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभारायची, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची आणि मग जेवायचं. आमचं शेत आता राहिलेलं नाही. म्हणून एका येळवसेला मी औशाच्या रस्त्याला उतरले आणि बांधाबांधानं नुसती चालत राहिले. तुरी भरलेल्या, हरभरा घाट्यांवर आलेला, ज्वारी निसवायच्या बेतात. पहिल्याच कोपीपाशी एका म्हाताऱ्या आजीनं हाक मारली, "कुण्या गावची गं माय? जेवून जा." मी कोण, कशाला आले, एकटी का, यातलं काहीही विचारायच्या आधी जेवण. पत्रावळीवर भज्जी, बाजरीचे उंडे, खिचडा, आणि मडक्यातली थंडगार आंबील. भज्जीत काय काय होतं ते मोजता येत नव्हतं. तूर, वाटाणा, हरभरा, कोवळ्या भाज्या, वरून चिंचेचा आंबटपणा. पुढच्या कोपीवर पुन्हा तेच, "वाईच आंबील तरी घ्या." त्या दिवशी आमच्या भागात वाटसरूला जेवल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत.

मी जेवले ते फुकट होतं का? आजीची सून आदल्या रात्रीपासून चुलीपुढे होती. तिच्या तळहाताला पिठाचा वाळलेला थर तसाच होता. सगळ्यांचं वाढून झाल्यावर ती कोपीच्या सावलीत बसली तेव्हा उन्हं कलली होती. मी तिच्यापाशी बसून राहिले, तिला वाढलं, ती जेवेपर्यंत बोलत बसलो. त्या जेवणाचे आभार मानायची दुसरी रीत मला सुचली नाही. अजूनही दुसरी आहे असं वाटत नाही.

पाण्याचंही असंच. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा जगलेलं आमचं लातूर शहर आहे. त्यामुळे कोणत्याही वाडीवर कोणी तांब्या पुढे केला की मी तो उष्टा ठेवत नाही, संपवते. उन्हाळ्यात स्टँडबाहेर कोणी रांजणाला ओलं फडकं गुंडाळून ठेवलेलं दिसलं, की ते फडकं सकाळी कोणी भिजवलं असेल याचा विचार येतोच.

नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्यात लंगर कोणालाही मिळतो. गुरू गोविंदसिंगांनी 1708 मध्ये इथेच देह ठेवला. पंगतीत बसलं की पोळी ताटात टाकत नाहीत, आपण दोन्ही हात पुढे करायचे आणि ओंजळीत घ्यायची. एकदा तसं घेऊन बघा. जेवणाकडे बघण्याची नजर तिथल्या तिथे बदलते. पण जेवून झाल्यावर ताटं घासायच्या रांगेतही उभं राहा. तिथं राखेनं आणि साबणानं हात पांढरे झालेल्या बायका असतात, त्या कुठून कुठून आलेल्या असतात, आणि नवी बाई दिसली की सरकून जागा करतात.

वेरूळला दुपारी जा, मंगळवार सोडून. लेणी पश्चिमेला तोंड करून आहेत, त्यामुळे दिवस कलला की ऊन आपणहून आत शिरतं. चौतीस लेण्यांपैकी मी दोनच बघते आणि कैलासच्या ओवरीत बसून राहते. पावसाळ्यात नळदुर्गच्या किल्ल्यातला पाणीमहाल. बोरी नदीच्या बांधाच्या पोटात 1613 मध्ये बांधलेली खोली, नर-मादी नावाचे धबधबे सुरू असताना बाहेर पाणी कोसळतंय आणि आपण कोरड्या. याहून जास्त लिहीत नाही, जाऊन उभं राहायची गोष्ट आहे.

आता जे मला खटकतं ते. लंगरात जेवून, अर्ध्या तिकिटात फिरून, परतीच्या वाटेवर बालाघाटातल्या सीताफळवालीशी दर पाटीला वीस रुपयांसाठी घासाघीस करायची आणि ती 'बचत' म्हणून मिरवायची, हे मला पटत नाही. ती फळं तिनं पहाटे डोंगरातून डोक्यावर आणलेली असतात. खर्च कमी करायचा तर मी मुक्काम धर्मशाळेत करते, हॉटेल टाळते, भाकरी-चटणी घरून नेते. जिचं पोट त्या पाटीवर आहे तिच्याकडून कमी करून घेत नाही.

आणि 'असेल त्यात आनंद मानावा' एवढंच म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. खेड्यावरची दुपारची गाडी बंद झाली तर माझी खिडकी जाते, तशी तिथल्या पोरींची शाळाही जाते. मला त्या गाडीबद्दल कृतज्ञता आहे, म्हणूनच ती चालू राहावी यासाठी मी अर्ज लिहिते, सह्या गोळा करते, आणि वडापच्या खासगी जीपपेक्षा लालपरीची वाट बघते, अर्धा तास उशीर झाला तरी.

सध्या डोक्यात होट्टल आहे. देगलूरजवळ, चालुक्यांच्या काळातलं सिद्धेश्वराचं मंदिर. नांदेडपासून देगलूरपर्यंतचं माहीत आहे, पुढचं नाही. देगलूरकडचं कोणी असेल तर होट्टलला जाणाऱ्या गाडीच्या वेळा सांगा, आणि संध्याकाळी परत यायला शेवटची गाडी कितीची आहे तेही.