समज कोणी कोणाला द्यायची?

गेल्या मंगळवारी सेवा केंद्राचा माणूस भेटीचे ५९० रुपये घेऊन गेला आणि जाताना माझ्या हातात एक कागद ठेवून गेला. कागद इंग्रजीत आहे. त्यावर दोषाच्या रकान्यात 'आढळला नाही' असे असून उपायाच्या रकान्यात जे लिहिले आहे, त्याचे सरळ मराठी 'ग्राहकास समज दिली' असेच होते. आपल्याकडे समज पोलीस देतात, किंवा वर्गात दंगा करणाऱ्या मुलाच्या पालकांना बोलावून शाळा देते. बावीस वर्षे शिक्षिका म्हणून काम करताना ती देण्याचा प्रसंग माझ्यावर पुष्कळदा आला. घेण्याचा प्रसंग मात्र समोरून कपडे टाकायच्या वॉशिंग मशीनमुळे आला, आणि तोही पैसे मोजून.

कपडे हे यंत्र उत्तम धुते, हे मी आधीच मान्य करते. वरून कपडे टाकायच्या मशीनपेक्षा ते पाणी बरेच कमी घेते, सुती साड्यांचा पीळ करून त्यांचे दोरखंड वळत नाही आणि शाळेच्या गणवेशाच्या कॉलरवरचा मळही काढते. दुकानदाराने सांगितलेल्या या गोष्टी खऱ्या निघाल्या. माझा संताप त्याने न सांगितलेल्या गोष्टींवर आहे.

आम्ही नागपुरात मानेवाडा ते बेसा या पट्ट्यात चौथ्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर राहतो. सीताबर्डीवरील दुकानात विक्रेत्याने आम्हाला मजला कोणता, हे आस्थेने विचारले होते. पण ते लिफ्ट आहे की हमाल लावावे लागतील, एवढे ठरवण्यापुरतेच. छतावरची टाकी नळापासून किती उंच आहे, हे त्याने विचारले नाही, मशीन बसवायला आलेल्या मुलाने विचारले नाही आणि वाहतुकीसाठी मागे लावलेले चार बोल्ट काढून 'हे जपून ठेवा' असे सांगणाऱ्या त्याच्या साथीदारानेही विचारले नाही. वास्तविक मशीनसोबत आलेल्या पुस्तिकेत बारीक अक्षरांत लिहिले आहे की पाण्याचा दाब किमान ०.३ बार असला पाहिजे. सुमारे १० मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ १ बार दाब देतो, हे आठवीनववीच्या विद्यार्थ्यालाही समजावून सांगता येते, म्हणजे ०.३ बारसाठी पाण्याची पातळी नळापासून किमान ३ मीटर वर हवी. मी टेप घेऊन मोजले. आमच्या नळापासून टाकीच्या तळापर्यंतचे अंतर पावणेतीन मीटर भरले. टाकी काठोकाठ असते तेव्हा आम्ही काठावर उत्तीर्ण होतो, आणि सकाळी साऱ्या इमारतीच्या आंघोळी आटोपून टाकी तळाला गेली की नापास. आमच्या खाली राहणाऱ्यांना हा प्रश्न कधीच पडत नाही, कारण प्रत्येक मजल्यागणिक त्यांना ३ मीटर फुकट मिळतात. ही एवढी गोष्ट विक्रीच्या वेळी कोणी बोलले असते, तर टाकीचा ओटा उंच करण्याचा किंवा छोटा प्रेशर पंप बसवण्याचा विचार आम्ही तेव्हाच केला असता.

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी मशीनने पाणी घेणे थांबवले. पडद्यावर एक अक्षर आणि एक आकडा लुकलुकू लागला व पिपाणी वाजू लागली. ठरलेल्या वेळेत पुरेसे पाणी आत आले नाही, हे यंत्राला अचूक कळलेले असते. पण 'पाणी येत नाही, मागची जाळी तपासा' असे साधे वाक्य लिहिण्याऐवजी ते दोन अक्षरी कोडे घालते, आणि त्या कोड्याचा अर्थ पुस्तिकेत 'सेवा केंद्राशी संपर्क साधा' असा दिलेला असतो. प्रश्नाच्या उत्तरात 'गुरुजींना विचारा' असे छापणाऱ्या गाइडला मी वर्गात हातही लावू दिला नसता.

सेवा केंद्राला फोन केला. 'येऊन राहिलो, मॅडम,' असे उत्तर मिळाले. नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते की आमच्याकडे 'येऊन राहिलो' हा अखंड चालू वर्तमानकाळ आहे; त्याला आरंभ असतो, अंत असेलच असे नाही. रविवारी येऊन राहिलेला तो माणूस बुधवारी पोहोचला. त्याने मशीन भिंतीपासून सरकवले नाही, मागचा पाइप पाहिला नाही, नळही उघडून पाहिला नाही. दोन बटणे दाबून, पडद्याकडे बघून तो म्हणाला, 'बोर्ड गेला, मॅडम, बदलवावा लागते,' आणि यंत्राच्या त्या इलेक्ट्रॉनिक मेंदूसाठी मला ७,४०० रुपयांचा आकडा सांगितला. आमचे हे तर पैसे काढायलाही निघाले होते. सासूबाई मात्र सोफ्यावरून म्हणाल्या, 'मी म्हटलं होतं ना, वरून कपडे टाकायची घ्या म्हणून!' त्यांच्या त्या वाक्याचा मला असा राग आला की मी बोर्ड बदलण्यास तेथल्या तेथे नकार दिला. आता त्यांचे आभार मानावेसे वाटतात, पण ते मी मानणार नाही.

पुढच्या रविवारी आम्ही दोघांनी मिळून मशीन ओढले. पाण्याचा पाइप मागे ज्या तोंडाला आट्यांनी बसवलेला असतो, तेथे आत अंगठ्याच्या नखाएवढी प्लास्टिकची जाळी असते. नळ बंद करून पाइप सोडवला की ती चिमट्याने ओढून बाहेर काढता येते. आमची जाळी दिसतच नव्हती. टाकीच्या तळाची बारीक रेती आणि पाइपातून सुटलेल्या पांढऱ्या क्षाराचे पापुद्रे यांचा त्यावर गिलावा झाला होता. जुन्या दातांच्या ब्रशाने ती घासली, वाटीभर पाण्यात लिंबूसत्त्व घालून तासभर बुडवून ठेवली आणि परत बसवली. मशीन पहिल्या झटक्यात सुरू झाले. ७,४०० रुपयांचा रोग सहा रुपयांच्या लिंबूसत्त्वाने बरा झाला, आणि तोही पदवी नसलेल्या हातांनी.

एवढ्यावर थांबले असते, तर हा कागद माझ्या हाती आला नसता. परंतु तक्रार मी मुद्दाम रद्द केली नाही. आपल्या माणसाने न पाहताच निदान केले, हे त्यांच्यापैकी कोणाला तरी जाळी समोर ठेवून दाखवावे, असा माझा भाबडा हेतू होता. मंगळवारी दुसरा तंत्रज्ञ आला. मी त्याला जाळी दाखवली, टाकीची मापे सांगितली. त्याने ते सारे शांतपणे ऐकले आणि मग मला समज दिली. तुमचे पाणी जड आहे. तुमची पावडर चुकीची आहे. तुम्ही कपडे जास्त टाकता. तुमची फरशी समतल नाही. झाकण बंद ठेवता, म्हणून वास येतो. थोडक्यात, यंत्र निर्दोष आणि घर सदोष.

या प्रत्येक आरोपाला माझे उत्तर आहे, आणि ते तेव्हा सुचले नाही म्हणून आता देते. पाणी जड आहे, हे खरे. आमच्या भागात बोअरचे पाणी वापरावे लागते, उन्हाळ्यात त्यात टँकरची भर पडते आणि त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार बादलीच्या कडेवरसुद्धा दिसतात. पाणी तापले की हाच क्षार हीटरवर थर धरतो, थरामुळे हीटरची उष्णता पाण्यापर्यंत नीट पोहोचत नाही आणि शेवटी हीटर जळतो. हेही मला मान्य आहे. पण हे पाणी मी काल घरात आणलेले नाही. मशीन नागपुरात विकले, नागपूरच्या पत्त्यावर पोहोचवले आणि नागपूरचे पाणी आजही तेच आहे जे विक्रीच्या दिवशी होते. क्षार काढण्याची जी महागडी पुडी तंत्रज्ञ पिशवीतून काढतो, तसल्या कित्येक पुड्यांमध्ये मुख्य घटक सायट्रिक अॅसिड, म्हणजे किराणा दुकानातले तेच लिंबूसत्त्व असते, हे मात्र समजेच्या यादीत नव्हते.

उन्हाळ्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. मशीनवर तापमानाचे बटण आहे आणि त्यात २० अंशांचा पर्याय आहे. मे महिन्यात दुपारी आमच्या छतावरच्या टाकीतील पाण्याने हात पोळतो. यंत्राला पाणी तापवता येते, थंड करता येत नाही. तेव्हा आमच्याकडचे '२० अंश' हे निव्वळ सदिच्छेचे स्वरूप आहे. रंगीत कपडे मी आता पहाटे साडेपाचला लावते.

कपडे जास्त टाकल्याचा आरोप तर फारच लागला, कारण या यंत्राचे जितके लाड मी केले, तितके पोटच्या मुलाचे केले नसतील. पडद्यावर '९ मिनिटे' उरलेली दिसतात आणि ती नऊ मिनिटे पाऊण तास टिकतात, हा अनुभव ज्याच्या घरी असे मशीन आहे, त्या प्रत्येकाला असेल. ओले कपडे ड्रमच्या एका बाजूला गोळा झाले की मोटारीच्या गतीतील चढउतारावरून यंत्र असमतोल ओळखते, वेग घेण्याचे थांबवते, ड्रम उलटसुलट फिरवून कपडे पसरवू पाहते, पुन्हा वेग घेते, पुन्हा घाबरते. मिनिटाला हजार फेऱ्यांच्या वेगाने असमतोल ड्रम फिरला तर मशीन वॉश एरियातून चालत बैठकीत येईल, म्हणून ही खबरदारी योग्यच आहे. पण भरपूर कपडे टाकले की जसे हे घडते, तसेच एकटा टॉवेल टाकला तरी घडते, कारण त्या टॉवेलला तोलायला समोर कोणी नसते. आणि रजईची खोळ टाकली की ती तोंड उघडून बाकीचे सर्व कपडे गिळते व ड्रममध्ये एकच मोठा ओला गोळा फिरत राहतो. जास्त नको, कमी नको, खोळ नको, हे सर्व मी ठेच खाऊन शिकले. दुकानात ऐकायला मिळाले ते एवढेच की हे मशीन स्वतःच विचार करते.

खालच्या उजव्या कोपऱ्यातील झडपेमागे पाणी उपसणाऱ्या पंपाचा फिल्टर असतो. त्यात मुलाच्या खिशातले नाणे, साडीची पिन आणि केसांचे काटे जमा होतात आणि एके दिवशी दार कुलूपबंद, आत पाणी तुंबलेले, अशी अवस्था येते. तो फिल्टर उघडण्याआधी शेजारच्या बारीक नळीतून पाणी काढावे लागते. ही नळी जमिनीपासून इतकी खाली आहे की तिच्याखाली बादली सोडाच, पातेलेही जात नाही. मी परात लावली. परात भरली की बोटाने नळी दाबायची, परात मोरीत रिकामी करायची, परत यायचे. अशा एकोणीस पराती मी मोजल्या. ज्याने ही जागा ठरवली, त्याने आयुष्यात एकदाही फरशी पुसली नसावी, हे मी छातीठोकपणे सांगते.

झाकण उघडे ठेवावे, दारावरच्या रबराच्या घड्या पुसाव्यात, नाहीतर काळी बुरशी धरते, हा सल्ला बरोबर आहे आणि मी तो पाळते. झाकण उघडे ठेवल्यामुळे एकदा ड्रममध्ये पाल निघाली, तिची जबाबदारीही माझ्यावरच टाकली गेली.

आता फरशी. विमानतळाजवळ सोनेगावला राहणाऱ्या माझ्या भावाला विमानाचा आवाज नवा नाही, पण त्याच्या मशीनच्या सहाव्या वर्षी तो स्वयंपाकघरातून येऊ लागला, तेव्हा त्यालाही 'फरशी समतल नाही' हेच उत्तर मिळाले होते. प्रत्यक्षात ड्रमचे बेअरिंग गेले होते. बेअरिंग काही शे रुपयांचे असते. परंतु त्याच्या मशीनमध्ये ड्रमभोवतीच्या प्लास्टिकच्या टाकीचे दोन अर्धे भाग स्क्रूने न जोडता कायमचे वितळवून चिकटवलेले होते, त्यामुळे बेअरिंगपर्यंत पोहोचण्याचा मार्गच नव्हता. संपूर्ण टाकी बदलणे किंवा नवे मशीन घेणे, एवढेच पर्याय उरले. सायकलचे चाक वाकले म्हणून सायकल फेका, असे सांगणाऱ्या मेकॅनिककडे आपण दुसऱ्यांदा जात नाही. येथे मात्र त्यालाच तंत्रज्ञान म्हणायचे असते, आणि भावाने नवे मशीन घेतलेही.

काल दुपारी सेवा केंद्रातून एका मुलीचा फोन आला. तक्रार समाधानकारकरीत्या निकाली निघाल्याबद्दल तिने माझे अभिनंदन केले आणि पुढील दोन वर्षांचा देखभाल करार घेण्याची गळ घातली. मी विचारले, 'त्यात पाण्याची जाळी साफ करणे येते का?'

'नाही मॅडम, ते ग्राहकाने करायचं असतं.'

'पंपाचा फिल्टर?'

'तोही ग्राहकानेच.'

'दाराचे रबर?'

'रबर, प्लास्टिक आणि काच करारात नाही, मॅडम.'

'मग येते तरी काय?'

'बोर्ड येतो ना, मॅडम,' ती उत्साहाने म्हणाली.