ज्वारीतल्या गोळ्यांबद्दल, दादा तुमच्यासाठी

दादा, घरात उंदीर-किडे येऊ नयेत म्हणून फटी बुजवा, जाळ्या लावा असं मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची कमेंट दोनदा वाचली. तुम्ही लिहिलंय की "ताई, फटी बुजवा, जाळ्या लावा हे बंगलेवाल्यांचं काम, आम्ही वीस वर्षं ज्वारीच्या कोठीत गोळ्या टाकतो, एक सोंडा दिसत नाही, उगं लोकांना खर्चात पाडू नका."

जाळीचं तुमचं बरोबर आहे. पत्र्याच्या घरात भिंत आणि पत्र्याच्या मधून हात जाईल एवढी फट असते, तिथं खिडकीला जाळी लावून काय होणार, मी लातुरातल्या स्लॅबच्या घराचा विचार करून लिहिलं, ती चूक माझी. पण उंदराचं पिल्लू शिसपेन्सिल जाईल एवढ्या फटीतून पण आत येतं, म्हणून दाराखालची फट आणि घुशीचं बीळ तरी बुजवाच. बिळात काचेचे तुकडे आणि सिमेंट घालायचं, त्याला बंगला लागत नाही.

गोळ्यांचं मात्र मी अजिबात मान्य करणार नाही. त्या गोळ्या म्हणजे अॅल्युमिनियम फॉस्फाईड. हवेतला ओलावा लागला की त्यातून फॉस्फिन नावाचा विषारी गॅस निघतो आणि किडे त्यानेच मरतात, पण पत्र्याच्या कोठीचं झाकण कितीही घट्ट लावा, गॅस बाहेर येतोच, आणि आपल्याकडं कोठी कुठं असते तर माजघरात, जिथं लेकरं झोपतात. या विषावर उतारा नाही दादा, दवाखान्यात फक्त लक्षणं सांभाळतात. म्हणून तर ह्या गोळ्या सरकारी गोदामं आणि परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्यांसाठीच आहेत, घरासाठी सुट्या विकायलाच नकोत, तरी मिळतात.

माझ्या मावशीकडं एका पावसाळ्यात असंच झालं. रात्री दोन्ही नातवंडांना उलट्या सुरू झाल्या, सगळ्यांना वाटलं जेवणातून काहीतरी झालं, ओवा दिला, लिंबूपाणी दिलं, आणि कोठी उशाला. सकाळी दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं घरात धान्याला काही लावलंय का, तेव्हा कुठं आठवलं. लेकरं वाचली. पण ती रात्र मी विसरले नाही, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

आता बिनखर्चाचं सांगते. रब्बीची ज्वारी घरात येते आणि लगेच एप्रिल-मेचं ऊन, ते फुकटच आहे. काळ्या प्लास्टिक कागदावर पातळ पसरायची, वरून पारदर्शक प्लास्टिक कागद टाकायचा, धान्य 55-60 अंशांपर्यंत तापलं की तासाभरात सोंडे, अळ्या, अंडी सगळं मरतं. मग सावलीत पूर्ण गार करून भरायची, गरम भरली तर आत घाम सुटतो आणि परत कीड. दाण्यात ओल जितकी कमी तितका किडा कमी. आता हवाबंद पिशव्या पण मिळतात, तोंड घट्ट बांधलं की आतला प्राणवायू संपून किडे आपोआप मरतात, औषध काहीच नाही. तूर डाळीला आपल्या आज्या एरंडेल चोळायच्या ते तर तुम्हाला माहितीच असेल, अजून पण तेच चांगलं. मुंग्या-झुरळांचं नंतर कधीतरी.

आणि आत्ता कोठीत गोळ्या असतील तर आज रात्री त्या घरात कुणी झोपू नका, दारं-खिडक्या सताड उघडी ठेवा, गोळ्यांवर पाणी अजिबात टाकू नका, गॅस अजून जोरात निघतो. कुणाला मळमळ, उलटी, छातीत दाटल्यासारखं वाटलं तर थांबू नका, थेट दवाखाना, आणि डॉक्टरांना पहिल्यांदा गोळ्यांचं सांगा.

दादा, तुमची कोठी कोणत्या खोलीत आहे, आणि तिथं कोण झोपतं, तेवढं नक्की लिहा.