दोन बोटींवर पाय

"तू ठरवशील ते" हे वाक्य आमचा नवरा इतक्या गोड आवाजात म्हणतो, की ऐकणाऱ्याला माझा हेवा वाटावा. त्याचा खरा अर्थ मला लग्नानंतर सहा महिन्यांत कळला. ठरव तू; बरं निघालं तर आपलं, फसलं तर तुझं. सोफ्याचा रंग, धाकट्याची शाळा, गीझर हे सगळं मीच ठरवलेलं आहे. सोफा त्याला आवडत नाही.

त्यामुळे सहकुटुंब क्रूझला जायचं असं एका रविवारी एकमताने ठरलं, तेव्हा झालेला आनंद मला जेवण होईपर्यंतच पुरला. भांडी आवरताना लक्षात आलं, की 'जायचं' एवढंच ठरलंय. कधी, ते ठरवायचं काम कुणीही न देता माझ्याकडे आलेलं आहे.

पर्याय तसे दोनच. बोट एकच, फ्लोरिडातून निघणारी, कॅरिबियन समुद्रात सात रात्री फिरवून पुन्हा तिथेच सोडणारी. बंदरं तीच, केबिन त्याच, बुफे तोच. एक फेरी डिसेंबरातली, खास नाताळची. दुसरी वसंतातली, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातली, साधी. डिसेंबरच्या फेरीत बोटीच्या मधल्या दालनात तीन मजले उंच झाड, माणूस आत शिरेल एवढं जिंजरब्रेडचं घर, रोज संध्याकाळी कॅरोल, डेकवर साबणाच्या फेसाचा बर्फ आणि पंचवीस तारखेला सकाळी सांताक्लॉज. बाहेर पोहण्याजोगा उकाडा. त्या उकाड्यात लाल झगा आणि कापसाची दाढी लावून उभ्या राहणाऱ्या त्या गृहस्थाबद्दल मला मनापासून सहानुभूती आहे, पण ते काही तिकीट काढण्याचं कारण होऊ शकत नाही.

एप्रिलच्या फेरीत यातलं काही नव्हतं. मला तीच हवी होती. का, ते मी घरात बोलले नव्हते. आमच्याकडे कुठलाही सण आला की माळेतला नेमका कुठला दिवा गेलाय ते शोधायला स्टुलावर मी चढते. कुणाला काय भेट द्यायची याची यादी माझ्या फोनमध्ये असते, आणि सगळं संपल्यावर रिकाम्या खोक्यांचं काय करायचं हा प्रश्न महिनाभर माझ्याच डोक्यात असतो. मला सात दिवस असे हवे होते, की ज्यांत काहीही साजरं करायचं नाही. मंगळवार असावा आणि तो नुसता मंगळवार असावा.

पण घोडं अडलं ते ताईंपाशी. ताई म्हणजे माझी मोठी नणंद. त्या आणि त्यांच्याकडचे दोघे आमच्याबरोबर येणार होते, आणि ताईंचा जीव डिसेंबरात अडकलेला. "अगं, नाताळ वर्षातून एकदाच येतो!"

"ताई, एप्रिलपण एकदाच येतो हो."

हे त्यांनी ऐकलं नाही, कारण तोवर त्या लोहचुंबकांवर पोहोचल्या होत्या. त्यांच्याकडून कळलं, की केबिनच्या भिंती आणि दारं पोलादी असतात, त्यामुळे मुरलेले प्रवासी घरून लोहचुंबक घेऊन जातात. ओले पोहण्याचे कपडे वाळत घालायला चुंबकाचे हुक, आणि दारावर सजावट. नाताळच्या फेरीत म्हणे दारांची चढाओढच लागते. काही बोटींवर दाराबाहेर कापडी कप्पे टांगतात आणि अनोळखी कुटुंबं एकमेकांच्या कप्प्यांत गुपचूप भेटवस्तू टाकून जातात. माझ्या डोळ्यांपुढे लगेच आणखी एक यादी उभी राहिली. अनोळखी माणसांच्या भेटवस्तूंची यादी! ताईंनी चोवीस चुंबक घेऊनही टाकले होते. शिवाय आठ टी-शर्ट. लाल, छातीवर रेनडिअर, डोक्यावर शिवलेली मऊ शिंगं. बुकिंग एकाही केबिनचं नव्हतं, पण शिंगं तयार होती.

मग मी रात्री बोटीचे नकाशे बघायला लागले. ज्यांनी हे व्यसन केलेलं नाही त्यांनी करू नये. सुरुवात साधी असते: आपली केबिन कुठे आहे एवढं बघू. तासाभराने माणूस आपल्या केबिनच्या वर काय, खाली काय, शेजारी काय हे तपासत बसतो. वर पोहण्याचा तलाव असेल तर पहाटे खुर्च्या सरकवल्याचा आवाज. खाली नाचघर असेल तर मध्यरात्रीपर्यंत धडधड. शेजारी नुसता पांढरा चौकोन असेल तर तिथे नक्की काय आहे या विचाराने रात्रभर झोप नाही. माझा असा एक पांढरा चौकोन होता. आठव्या मजल्यावर, जिन्याला लागून. तिथे इस्त्रीची खोली आहे असं मी शेवटी स्वतःच ठरवून टाकलं आणि झोपले.

त्यात मला बोट लागते. गाडीही लागते, झोपाळाही लागतो. कानाच्या आतलं तोल सांभाळणारं यंत्र म्हणतं आपण हलतोय, डोळे म्हणतात भिंत तर जागच्या जागी आहे, आणि या दोघांच्या भांडणात बिचारं पोट हकनाक भरडलं जातं. त्याला उपाय म्हणजे बोटीच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर केबिन घ्यायची. सी-सॉच्या मध्यावर बसलेलं पोर जसं फारसं वरखाली होत नाही, तसं. हल्लीच्या बोटींना पाण्याखाली पंख असतात, ते डावीउजवीकडचं झुलणं बरंच आवरतात. पुढचं टोक वरखाली व्हायला लागलं तर मात्र त्यांचंही काही चालत नाही.

हे वाचता वाचता मला खजिना सापडला. पूर्व कॅरिबियनमध्ये डिसेंबरच्या मध्यापासून व्यापारी वारे जोर धरतात, आणि तिथले दर्यावर्दी त्यांना चक्क 'ख्रिसमस विंड्स' म्हणतात. मी दुसऱ्या दिवशी ही माहिती ताईंना अशी दिली, जशी वकील शेवटचा साक्षीदार हजर करतो. जोडीला ग्रँड केमन बेटही दिलं. तिथे मोठी बोट धक्क्याला लागत नाही. लांब उभी राहते आणि छोट्या बोटींतून माणसं किनाऱ्यावर नेतात. हिवाळ्यात उत्तरेकडून वारं सुटून समुद्र खवळला की कप्तान सरळ पुढे निघून जातो, आणि बेट लांबूनच बघावं लागतं.

ताई क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "वाऱ्याचं नावसुद्धा ख्रिसमस! किती गोड ना?"

वादळांचा मुद्दा मी काढायच्या आधीच निकालात निघाला होता. अटलांटिकमधला चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, म्हणजे दोन्ही फेऱ्या त्याच्या बाहेर. पण सासरे, म्हणजे बाबा, हंगामावर विश्वास ठेवणाऱ्यांतले नाहीत. ते पेपरमागून म्हणाले, "टायटॅनिक कधी निघाली होती माहितीय? १० एप्रिल १९१२. वसंतातच."

"बाबा, कॅरिबियनमध्ये हिमनग कुठून येणार?"

"त्यांनाही तसंच वाटत होतं."

बाबांचा टायटॅनिकचा अभ्यास दांडगा आहे. बोटीवर बावीसशेच्या आसपास माणसं आणि लाइफबोटींत जागा ११७८ जणांना, हे ते आकडे नातवंडांच्या वाढदिवसांपेक्षा पक्के सांगतात. त्यांची समजूत काढायला मी सांगितलं, की आता तसं नाही. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया आडवी झाली, त्यानंतर नियम कडक झाले. २०१५ पासून प्रवाशांची सुरक्षा कवायत बोट निघण्यापूर्वी किंवा निघता निघताच उरकावी लागते. आधी चोवीस तासांची मुभा होती. बाबांना हे पटलं. "एप्रिल चालेल," असं ते म्हणालेसुद्धा. माझ्या बाजूचं पहिलं मत! आणि नेमक्या त्याच दुपारी मी एजंटचा फोन स्पीकरवर ठेवला.

झालं असं, की मला हव्या असलेल्या, मधोमधच्या, इस्त्रीच्या खोलीशेजारच्या केबिनमध्ये चौघांची सोय होती. दोन पलंग खाली आणि दोन छतातून उघडणारे. वरच्या पलंगासाठी आमच्या दोन्ही पोरांची मारामारीही होऊन गेली होती. पण केबिन रिकामी दिसत असूनही चौघांना मिळेना. मी कारण विचारलं. कारण खरं तर साधं आहे: बोटीच्या प्रत्येक भागातल्या माणसांना ठरावीक लाइफबोटी नेमून दिलेल्या असतात, त्यामुळे त्या भागात तिसऱ्या-चौथ्या माणसांची संख्या पुरी झाली की उरलेल्या केबिन दोघांनाच विकतात. एजंटने मात्र ते सगळं एका वाक्यात बसवलं. खोलीभर आवाज घुमला: "मॅडम, त्या बाजूच्या लाइफबोटींत तुमच्या मुलांना जागा नाहीये."

पेपर खाली आला. बाबा काही बोलले नाहीत. नुसते माझ्याकडे बघत राहिले. तसं बघण्यापेक्षा बोललेले परवडले असते.

त्याच एजंटने आणखी एक गंमत सांगितली. क्रूझच्या धंद्यात प्रत्येक केबिनमध्ये दोन माणसं धरून शंभर टक्के मोजतात. मुलं येतात ती शंभराच्या वर. म्हणून शाळांच्या सुट्टीत बोट शंभर टक्क्यांहून जास्त भरून निघते, आणि कागदोपत्री त्यात काही चुकत नाही. लेकीने गणिताच्या मार्कांसाठी हा हिशेब लागू करायची मागणी केली. मला मात्र डिसेंबरातली ती बोट स्पष्ट दिसली: शंभराच्या वरची पोरं, फेसाचा बर्फ, दोन लिफ्टसमोर उभी तीस रेनडिअर आणि त्यांतली आठ आमची.

या सगळ्यात नवऱ्याने एकदाच लक्ष घातलं. एका रात्री तो विजयी चेहऱ्याने लॅपटॉप घेऊन आला. एप्रिल-मेमध्ये बऱ्याच बोटी कॅरिबियन सोडून युरोपच्या उन्हाळ्यासाठी अटलांटिक ओलांडतात, ती एकतर्फी सफर स्वस्तात मिळते. गर्दी कमी, लागोपाठ सहा-सात दिवस नुसता समुद्र.

"आणि परत कसं यायचं?"

"ते तू ठरव."

एजंटने दोन्ही फेऱ्या तीन दिवस रोखून ठेवल्या होत्या. दोन दगडांवर पाय ठेवणाऱ्याचं काय होतं ते ऐकून होते. माझे पाय दोन बोटींवर होते आणि दोन्ही निघायच्या बेतात. तिसऱ्या दिवशी रात्री पावणेबारा वाजता सगळे झोपलेले असताना मी फ्रिजवरच्या कॅलेंडरसमोर उभी राहून शेवटची तपासणी केली. अमेरिकेतल्या कॉलेजांचा स्प्रिंग ब्रेक, म्हणजे वसंतातली सुट्टी, बहुतेक मार्चमध्ये आटपतो. ईस्टर २० एप्रिलला. आपण ४ एप्रिलला चढणार, ११ला उतरणार. मधल्या सात दिवसांत काहीही नाही. इतकं स्वच्छ, कोरं, निर्मनुष्य काहीही नाही, की माझे डोळे भरून आले. मी एप्रिलवर बोट ठेवलं. केबिन मधोमधची मिळाली नाही, पुढच्या टोकाची मिळाली, पण चौघांना मिळाली. ताई तीन दिवस माझ्याशी फक्त नवऱ्यामार्फत बोलल्या. मग त्यांनीही एप्रिलचीच केबिन घेतली. शर्ट ठेवून दिले. एकूण त्यांनी मोठ्या मनाने घेतलं असं मी सगळ्यांना सांगत होते.

परवा बोटीवरच्या कार्यक्रमांची ईमेल आली. लेक वाचत होती.

"आई, दुसऱ्या दिवशी अंडी शोधायचा खेळ आहे."

"कसली अंडी?"

"चॉकलेटची. आणि माणसाएवढा ससा येणार आहे, फोटो काढायला. आणि टोप्यांची मिरवणूक. सगळ्यांनी थीमचे कपडे घालायचेत."

ईस्टरला ठरावीक तारीख नसते, हे मला माहीत होतं. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा, आणि तिच्या पुढचा रविवार. त्यामुळे तो २२ मार्चपासून २५ एप्रिलपर्यंत कुठेही येऊ शकतो. हे सगळं मला पाठ होतं. फक्त फ्रिजवरचं कॅलेंडर २०२५ चं होतं. फेरी २०२६ मधली, आणि २०२६ चा ईस्टर ५ एप्रिलला. म्हणजे आपण बोटीवर चढू, बॅगा उघडू, झोपू आणि सकाळी उठू, तेव्हा दारात ससा.

मी एजंटला फोन लावला. बोट किती भरली आहे, एवढंच विचारलं.

"एकदम फुल्ल, मॅडम. शंभराच्या वर!" तो आनंदाने म्हणाला.

नवऱ्याला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, सोफ्यावर बसला, सोफ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "तूच ठरवलं होतंस ना?"

ताईंना कसं सांगावं या विचारात मी होते, तेवढ्यात त्यांचाच फोन आला. त्यांना माझ्या आधी कळलेलं होतं. आवाजात इतका उत्साह मी लोहचुंबकांनंतर पहिल्यांदाच ऐकत होते.

"अगं, काही वाया गेलं नाही! शिंगं काढायची आणि तिथेच कान शिवायचे. पांढरे. बाबांचे झालेसुद्धा. तुझे जरा लांब ठेवू का?"