सॉरी बाबांनी का म्हणायचं?

आज सकाळी पावणेसातला माझ्या बाबांनी एका विशीतल्या पोराला सॉरी म्हटलं. दिवसभर ते डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय. मोठं होणार आहे, कंटाळा आला तर सोडून द्या.

झालं असं की बाबा, वय ७८, रोज सकाळी समोरच्या डेअरीतून चितळेंच्या अर्ध्या लिटरच्या दोन पिशव्या आणतात. घरपोच लावते म्हणून मी शंभर वेळा सांगून झालं, पण डेअरीवाल्याशी मॅच, पाऊस, गुडघे असं चार वाक्यं बोलल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नाही. तर आज परत येताना रस्त्याच्या मध्यावर होते आणि वळणावरून एक बाइक आली. ब्रेक नाही, नुसता हॉर्न. बाबा मागे सरकले, एक चप्पल उलटी होऊन लांब गेली, पार्क केलेल्या रिक्षावर हात टेकला म्हणून पडले नाहीत. पिशव्या मात्र सुटल्या. पोरगा पुढे जाऊन थांबला (थांबला, हे कबूल करते, बरेच जण थांबतही नाहीत) आणि म्हणाला, "आजोबा, बघून चाला ना." आणि माझे बाबा त्याला म्हणाले, "सॉरी बाळा."

मी गॅलरीत होते, तोंडात ब्रश. तशीच खाली धावले तोवर तो गेलेला. दूध डांबरावरून ड्रेनेजच्या झाकणाकडे चाललेलं, सोसायटीचं मांजर आधीच हजर, आणि बाबा फुटलेली पिशवी भोक वर करून धरून उभे. म्हणाले, "अगं, यातलं निम्मं वाचलंय."

आता ज्यांना आमची गल्ली माहीत नाही त्यांच्यासाठी. कोथरूड, कर्वे पुतळ्याच्या मागच्या बाजूच्या गल्ल्यांमधली एक. दोन्ही बाजूंना पार्किंग, फुटपाथ आहे असं म्हणायचं पण त्यावर कुंड्या, स्कूटर आणि एक डीपी. मी लग्नानंतर इथे आले तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं दुपारभर रस्त्यातच क्रिकेट खेळायची, गाडी आली की स्टंप म्हणून ठेवलेला डबा उचलायचा, परत ठेवायचा. मग मेट्रोचं काम निघालं, कर्वे रोड खणला गेला आणि लोक आतून जायला लागले. तेव्हा कुणी काही बोललं नाही, कारण अडचण सगळ्यांचीच होती. मेट्रो २०२२ च्या मार्चमध्ये सुरूसुद्धा झाली, पण आतून जायची सवय काही गेली नाही. आता तर मॅपच सांगतो, डावीकडे वळा, चार मिनिटं वाचतील. वाचवा. माझ्या बाबांच्या अंगावरून वाचवा.

हो, मला माहितीये, डिलिव्हरीवाल्या पोरांवर वेळेचं प्रेशर असतं आणि दहा मिनिटांत कोथिंबीर आपल्यालाच हवी असते. मान्य. पण आजचा पोरगा डिलिव्हरीवाला नव्हता. पाठीला जिमची बॅग आणि सायलेन्सर असा की तीन गल्ल्या जाग्या व्हाव्यात.

दुपारी मला राहवेना म्हणून एक वेडेपणा केला. बाबांच्या चालीने रस्ता ओलांडून बघितला. म्हणजे गुडघा दुखतोय असं धरून, हातात पिशवी घेऊन, मोबाइलवर स्टॉपवॉच लावून. बारा सेकंद लागले. समोरच्या काकू गॅलरीतून बघत होत्या, त्यांना वाटलं माझाच पाय मुरगळलाय. मग वळणापर्यंतचं अंतर पावलांनी मोजलं, ते भरलं सत्तर मीटरच्या आसपास. आता शाळेतलं गणित करा. साठच्या स्पीडने येणारी बाइक बारा सेकंदांत दोनशे मीटर येते. म्हणजे बाबा उजवीकडे बघून, डावीकडे बघून, परत उजवीकडे बघून, रस्ता मोकळा आहे याची खात्री करून निघाले, तेव्हा ती बाइक वळणाच्या पार पलीकडे होती, त्यांना दिसणंच शक्य नव्हतं. चाळीसने आली तरी नाही दिसणार. वीसने आली तरच दिसते. आणि हे महाशय सांगणार बघून चाला! त्यांनी बघितलंच होतं रे. ७८ वर्षं ते बघूनच चालतायत.

आणि तरी सॉरी कोण म्हणालं?

कायद्याचं म्हणाल तर २०१८ साली केंद्राने ज्या कमाल मर्यादा ठरवल्या त्यात शहराच्या हद्दीत कारला ७० आणि बाइकला ६० आहे. स्थानिक पातळीवर कमी करता येते, हो, येते. पण आमच्या गल्लीत एक बोर्ड दाखवा, मी तुम्हाला बाकरवडी देते. बोर्ड आहे तो आम्हीच लावलेला, "ही गल्ली आहे, एक्स्प्रेस वे नाही." गेल्या दिवाळीत कुणीतरी तोही ठोकला, आता तो आकाशाकडे बघतो.

स्पीडब्रेकरसाठी आम्ही रीतसर अर्ज केलाय. एका ऑफिसात गेलो, त्यांनी दुसऱ्या ऑफिसात पाठवलं, तिथे साहेब मीटिंगमध्ये, मग म्हणाले ट्रॅफिकवाल्यांचं पत्र आणा, ते म्हणाले आधी त्यांचं आणा. २०२२ पासून कित्येक वर्षं पुण्याला नगरसेवकच नव्हते, त्यामुळे कुणाच्या दारात जाऊन बसायचं हेही कळत नव्हतं. शेवटी एका रात्री गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी उरलेल्या डांबराचा एक उंचवटा टाकून गेलं. कुणी, माहीत नाही. दोन फूट रुंद, नुसता बांध. त्यावरून माझ्या सासूबाई रिक्षातून गेल्या आणि आठवडाभर कमरेला शेक घेत होत्या, तेव्हा स्पीडब्रेकरच्या विरोधात बोलणाऱ्यांचं म्हणणं मला कळतं, उगाच नाही. पण याचा नियम आहे हो. इंडियन रोड्स काँग्रेसने माप दिलंय, १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर लांब, म्हणजे जवळजवळ बारा फुटांचा हळूहळू चढणारा उतरणारा उंचवटा. त्यावरून पंचवीसने गेलात तर कंबर मोडत नाही, पन्नासने गेलात तर आपटता. आमचा बांध उलटा आहे. रिक्षातल्या म्हाताऱ्यांना आपटतो आणि बाइकवाले गटाराच्या कडेने, जिथे डांबर संपतं त्या वीतभर फटीतून, अजिबात ब्रेक न मारता निघून जातात. आजचा पण तिथूनच आला.

पुण्याने पादचारी धोरण केलं २०१६ साली. दरवर्षी ११ डिसेंबरला लक्ष्मी रोडवर गाड्या बंद ठेवून पादचारी दिन असतो, रांगोळ्या, फोटो. चांगलं आहे, मी पण गेलेय, सेल्फीही काढलाय. बाकीचे ३६४ दिवस बाबांनी काय करायचं तेवढं सांगा. २०२२ या एका वर्षात देशात ३२ हजारांवर माणसं रस्त्यावर पायी चालताना गेली. हा आकडा मी आज वाचला आणि फोन पालथा ठेवला.

आणि कल्याणीनगर विसरलात का सगळे? मे २०२४. दोन तरुण इंजिनिअर गेले आणि गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला आधी ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते, मी पण. आमच्याच बिल्डिंगमध्ये दहावीतला मुलगा आईची ॲक्टिव्हा घेऊन क्लासला जातो आणि आई वरून ओरडते, "हळू जा रे." २०१९ पासून पालकांना २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे यासाठी. सांगितलं तर म्हणाल्या, इथल्या इथे तर जातो. इथल्या इथेच माझे बाबा असतात काकू.

चिडून लिहितेय, कळतंय मला. नवरा मागून वाचून म्हणाला, "आणि तू परवा?" तर ते पण लिहिते, नाहीतर तो कमेंटमध्ये लिहील. परवा मला ऑफिसला उशीर झाला होता, कर्वे रोड जॅम, मी एरंडवण्यातल्या एका गल्लीतून गाडी काढली. किती स्पीड होता बघितला नाही. एक आजी फाटकाशी उभ्या होत्या, हातात फुलांची परडी, मी हॉर्न दिला आणि त्या दोन पावलं मागे गेल्या. मला तेव्हा वाटलं, चला, ऐकू येतं त्यांना. बस, एवढंच वाटलं. आज सकाळपासून ती परडी आठवतेय.

रविवारी सकाळी दहाला पार्किंगमध्ये जमतोय. नवीन अर्ज लिहायचाय, यावेळी मापासकट आणि ते बारा सेकंद पण घालणार आहे. टेप कुणाकडे असेल तर आणा. आणि ज्यांची मुलं गाडी घेऊन क्लासला जातात त्यांनी पण या, भांडणार नाही. म्हणजे प्रयत्न करेन.

संध्याकाळी बाबा गॅलरीत बसले होते. मी म्हटलं, तुम्ही सॉरी का म्हणालात त्याला? चूक तुमची नव्हती. तर म्हणाले, "त्याचा हँडल धरलेला हात थरथरत होता गं. घाबरला होता बिचारा. कुणीतरी म्हणायला पाहिजे होतं काहीतरी." मग बराच वेळ काही बोलले नाहीत. आणि चहा झाल्यावर म्हणाले, "उद्यापासून दूध घरपोच लाव."

मी डेअरीत फोन केला. तो म्हणाला, "लावतो ताई, पण काका बरे आहेत ना?"