गोट्याच्या पालकांना उत्तर: ‘उचलू नका’ आणि बाकीचं

नमस्कार,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला आणि लगेच उत्तर लिहायला बसलो. लिहून झाल्यावर पाहिलं तर निम्मी वाक्यं ‘पण’ने सुरू होत होती, म्हणून पुसून टाकलं. काल आमच्या ट्रेनरशी बोललो, तुमच्या बॅचच्या नोंदींची वही काढली आणि आता पुन्हा लिहितोय.

इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: यांचा कुत्रा गोट्या, पॉमेरेनियन, वय दीड वर्ष, वजन ३ किलो, कुत्र्यांना शिकवण्याच्या आमच्या आठ आठवड्यांच्या ग्रुप क्लासला होता. तिसऱ्या क्लासला एक लॅब्राडॉर मालकाच्या हातून सुटून त्याच्या अंगावर गेला. यांनी गोट्याला उचललं, तर ट्रेनरने सगळ्यांसमोर सुनावलं, “उचलू नका, तुम्हीच त्याला बिघडवताय.” ‘बस’ शिकवताना गोट्या बसलाच नाही, त्यामुळे तो हट्टी ठरला. गळ्यातला पट्टा काढून हार्नेस (छातीभोवती बसणारा पट्टा) घ्यायला लावला, तो खर्च वेगळा. आणि एवढं करून बेल वाजली की तो आजही घर डोक्यावर घेतो.

लॅब्राडॉरची चूक सरळ आमची आहे. तो खेळायलाच आला होता हे खरं, आणि त्या दिवशी आमच्याकडच्या प्रत्येकाने तुम्हाला तेच ऐकवलं. ३० किलोच्या कुत्र्याने प्रेमाने ठेवलेला पंजासुद्धा ३ किलोच्या कुत्र्याचं हाड मोडू शकतो. शिवाय एखादं चिमुकलं जनावर किंचाळत पळायला लागलं की मोठ्या कुत्र्याच्या डोक्यात खेळाचा पाठलाग कधी शिकारीचा होईल, याची खात्री त्याचा मालकही देऊ शकत नाही. हे आम्हाला माहीत असायला हवं होतं, नव्हे, माहीत होतंच. तरीही सोयीसाठी एकच बॅच ठेवली. या आठवड्यापासून ८ किलोच्या आतल्या कुत्र्यांची वेळ वेगळी केली आहे.

आता ‘उचलू नका’. चारचौघांत तसं बोलणं चूकच. पण त्या क्षणापुरता तो सल्लाही चुकीचा होता, हे मला जास्त लागलं. अंगावर धावून येणाऱ्या मोठ्या कुत्र्यापासून एवढ्याशा कुत्र्याला दूर नेणं म्हणजे लाड नव्हेत. उचलल्यावर समोरचा कधी कधी उड्या मारायला लागतो, म्हणून आधी आपण मध्ये उभं राहावं, आडोसा असेल तर त्याच्या मागे जावं. ते जमत नसेल तर उचलावं. तुम्ही तेच केलंत. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतल्याने भीती ‘वाढते’ हा समज जुना आहे. जवळ घेणं हे काही भीतीचं बक्षीस होत नाही.

ट्रेनरला जे म्हणायचं होतं ते पहिल्या दोन क्लासबद्दल होतं, आणि ते नीट सांगितलं असतं तर तुम्हाला पटलं असतं असं वाटतं. गोट्या भुंकण्याआधी बराच वेळ बोलत असतो. तोंड फिरवतो, ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो. अशा वेळी त्याला दोन पावलं मागे जायचं असतं. पण तो इतका खाली असतो की हे कुणाच्या नजरेला पडत नाही. दिसतं ते गुरगुरणं, आणि तेव्हा वरून अचानक दोन हात येऊन त्याला जमिनीवरून उपटतात. (हे तुम्ही एकटेच करता असं नाही. छोटा कुत्रा असलेलं प्रत्येक घर करतं, माझंसुद्धा.) मोठ्या कुत्र्याला जायचं नसेल तर तो पाय रोवतो. छोट्याचं ‘नाही’ उचलून नेता येतं, म्हणून ते कुणी ऐकतच नाही. मग एक दिवस तो वरून येणाऱ्या हातालाच चावतो आणि सगळे म्हणतात, काही कारण नसताना चावला.

यावर उपाय साधा आहे. उचलण्याआधी दर वेळी एकच शब्द म्हणा, ‘वर’ चालेल. हात डोक्यावरून नको, बाजूने, खालच्या पातळीवर आणा आणि थांबा. तो हाताकडे झुकला तर उचला. मागे सरकला आणि घाई नसेल तर राहू द्या. काही दिवसांत तो तो शब्द ऐकून स्वतःच पुढे येईल.

२०१० साली व्हिएन्नातल्या कुत्रापालकांच्या पाहणीवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. छोट्या कुत्र्यांचे पालक वागण्यात जास्त धरसोड करतात, त्यांच्याबरोबर शिकण्या-खेळण्यात कमी वेळ घालवतात, असं त्यात दिसलं. छोट्या कुत्र्यांच्या बाबतीत जिथे शिक्षा जास्त, तिथे भित्रेपणाही जास्त, असंही आढळलं. मी हा अभ्यास पालकांच्या पहिल्या मीटिंगमध्ये नेहमी सांगतो. तुमचा रिव्ह्यू वाचताना लक्षात आलं, की धरसोड आमच्या क्लासचीही होती.

उदाहरण म्हणजे ते ‘बस’. व्हिडिओ पुन्हा पाहिला. आमचा ट्रेनर ताठ उभा, खाऊ त्याच्या गुडघ्याच्या उंचीवर, आणि गोट्या मागच्या दोन पायांवर नाचतोय. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. ३ किलोच्या कुत्र्याला ‘बस’ शिकवायचं तर आधी आपण जमिनीवर बसावं लागतं, आणि खाऊ त्याच्या नाकाला जवळजवळ चिकटून, किंचित मागे न्यावा लागतो. फरशी गुळगुळीत, मॅट फक्त मोठ्या कुत्र्यांच्या रांगेत. खाऊचे तुकडेही लॅब्राडॉरच्या मापाचे. गोट्याएवढ्या कुत्र्याला दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी पुरतात आणि खाऊचा वाटा त्याच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवावा. म्हणजे तुकडा मटाराच्या दाण्याच्या अर्धाच हवा. आमच्या तीन बिस्किटांत त्याचं पोट भरलं आणि आम्ही त्याला हट्टी म्हणालो.

यापुढचं लिहायला मला जड जातंय. वहीत चौथ्या क्लासच्या पानावर तुमच्या नावापुढे एक ओळ आहे: “पळताना मागचा डावा पाय मध्येच दोन-तीन पावलं उचलून धरतो, मग पुन्हा टेकवतो.” ती लिहिली गेली, पण तुम्हाला कुणी सांगितलं नाही. छोट्या जातींमध्ये गुडघ्याची वाटी जागेवरून सरकण्याचा त्रास बराच आढळतो आणि तो बहुतेक वेळा असाच दिसतो. तसं असेल तर बसताना गुडघा दुमडणं त्याला नकोसं वाटत असणं शक्य आहे. मी डॉक्टर नाही, दुसरंही काही कारण असेल. पण शिकवण्याचं काम घेतलेल्याने हे त्याच दिवशी बोलायला हवं होतं.

हार्नेसबद्दल मात्र मी माघार घेणार नाही. पॉमेरेनियन, यॉर्कशायर टेरियर, चिवावा अशा जातींत श्वासनलिका कमकुवत होऊन चपटी पडण्याचा आजार जास्त दिसतो, आणि गळ्याला बसणाऱ्या हिसक्यांनी तो त्रास वाढतो. गोट्या दोरी ओढतो तेव्हा बदकासारखा ठसका येतो असं तुम्हीच फॉर्ममध्ये लिहिलं होतं. तोही डॉक्टरांच्या कानावर घाला. खर्चाची कल्पना नाव नोंदवतानाच द्यायला हवी होती, हे मान्य.

बेलचं म्हणाल, तर ग्रुप क्लासमध्ये ते सुटणार नव्हतंच, आणि पहिल्या दिवशी ते न सांगणं ही आमची चूक. आमच्या हॉलला बेल नाही. कुत्रा एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी आपोआप लावत नाही, घरातलं घरातच शिकवावं लागतं. सुरुवात आजपासून करता येईल. तुमच्याच बेलचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करा. दिवसातून एकदा, तीन-चार मिनिटं, तो जेमतेम कान टवकारेल इतक्या हळू आवाजात वाजवा आणि प्रत्येक वेळी दारापासून लांब, त्याच्या चटईवर खाऊचे बारीक कण टाका. आवाज दिवसागणिक थोडा वाढवा. भुंकला तर तुम्ही घाई केलीत, आदल्या दिवसाच्या आवाजावर परत या. तोवर खरे पाहुणे आले तर बेल नको, फोन करायला सांगा. “गप, गप” म्हणू नका. त्याला वाटतं, तुम्हीही भुंकताय.

फी परत केली आहे. घरी येऊन दोन वेळा शिकवायची आमची तयारी आहे, त्याचे पैसे नाहीत. तोच ट्रेनर नको असेल तर मी येईन. त्याला तुमची माफी मागायची आहे. त्याने फोन केलेला चालणार असेल तरच कळवा, नाहीतर तो करणार नाही. रिव्ह्यू बदलायची गरज नाही.

मात्र शिकवणं आत्ता नको. आधी पाय दाखवून घ्या. दवाखान्यात तपासायला टेबलावर ठेवलं की बरेच कुत्रे अंग आखडून घेतात आणि चाल दिसत नाही, म्हणून त्या पळण्याचा व्हिडिओ बरोबर न्या. आमच्याकडचा, चौथ्या क्लासचा, तुम्हाला पाठवला आहे.