गणपतीतली की एरवीची?

कोकणात गावाची लोकसंख्या विचारलीत तर आधी उलट प्रश्न येतो: गणपतीतली की एरवीची?

सरकारदरबारी अर्थातच एरवीची. 2011 ची जनगणना झाली फेब्रुवारीत. शिमगा त्या वर्षी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, मे महिना आणि गणपती तर लांबच. त्या आकड्यात खोट नाही. चाकरमानी मुंबई-ठाण्याला राहतो, तो तिथेच मोजला जाणार. रत्नागिरी जिल्हा 2001 मध्ये 16,96,777 होता, 2011 मध्ये 16,15,069 झाला. सिंधुदुर्गही घटला. माझं भांडण आहे ते या आकड्यावरून रस्ता आणि भरलेल्या सीटांवरून गाडी ठरवण्याशी.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत वस्तीची लोकसंख्या बघतात. रस्ता मिळायला सर्वसाधारण भागात किमान 500, डोंगरी राज्यं, आदिवासी आणि वाळवंटी भागात 250. महाराष्ट्र काही डोंगरी राज्य नव्हे. त्यामुळे सह्याद्रीच्या कुशीत टांगल्यासारखी असलेली आमची वाडी कागदावर सपाटीची! आणि कोकणातलं गाव म्हणजे एका जागी बसलेली वस्ती नाहीच. गुरववाडी खाली, बौद्धवाडी पऱ्ह्यापलीकडे, म्हणजे ओढ्यापल्याड, धनगरवाडा थेट सड्यावर, वरच्या कातळाच्या माळावर. एकेका वाडीत वीस-पंचवीस घरं. त्यांनी पाचशे माणसं आणायची कुठून? डांबरी रस्ता खाली देवळापाशी संपतो आणि वरचं आजारी माणूस आजही काही ठिकाणी डोली करून उतरवावं लागतं.

एसटीचा हिशेब वेगळा, तिथे भारमान बघतात. गाडीत माणसं किती, उत्पन्न किती. महामंडळ तोट्यात आहे, रिकामी गाडी घाटातून फिरवणं परवडत नाही, हे मलाही कळतं. पण भारमान मोजतात ते चढलेल्यांचं. सकाळची फेरी अकराला आली तर शाळेची पोरं आणि दवाखान्यात जाणारी म्हातारी त्यात बसणारच नाहीत. मग गाडी रिकामी, मग फेरी बंद. वस्तीची, म्हणजे रात्री गावात मुक्कामाला राहणारी गाडी असली की पहाटे बाजाराला, कोर्टाला, स्टेशनला जाता येतं. ती गेली की राहतं वडाप, म्हणजे खासगी जीप-टमटम, आणि वडाप पॅसेंजर भरल्याशिवाय हलत नाही.

मागे राहिलंय कोण, हेही बघा. 2011 मध्ये रत्नागिरीत हजार पुरुषांमागे 1122 बायका होत्या, राज्यात 929. म्हणजे गावात बायका, म्हातारी आणि पोरं. यातल्या किती जणांकडे मोटरसायकल आहे? पंचाहत्तरीपुढच्यांना 2022 पासून एसटी फुकट, बायकांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट. दोन्ही निर्णय मला मनापासून पटले. पण सवलत गाडीत चढल्यावर मिळते, स्टॉपवर नाही.

कुणी म्हणेल, रेल्वे आली ना! आली, 1998 मध्ये रोह्यापासून थेट खाली सगळा मार्ग सुरू झाला, आणि मुंबई खरंच जवळ आली. पण ती चाकरमान्याला. दिवा-सावंतवाडी गाडीने यायचं आणि स्टेशनवरून गावात जायला तिकिटाच्या कितीतरी पट रिक्षाला मोजायचे, हे कोकणात नवीन नाही. गावातल्या बाईला तालुक्याच्या बँकेत जायला रेल्वेचा काय उपयोग?

आता जनगणना परत येतेय, 1 मार्च 2027 ही संदर्भ तारीख. शिमग्याच्या आधीच, बघा. तिच्या घरयादीत प्रत्येक घराला सायकल, दुचाकी, चारचाकी आहे का हे विचारतात. माझं म्हणणं एवढंच, की एसटीच्या फेऱ्या ठरवताना गाडीतली डोकी बाजूला ठेवा आणि गावातली बिनगाडीची घरं मोजा. जिथे ती जास्त, तिथे शाळेच्या आणि दवाखान्याच्या वेळेला एक फेरी हवीच, भारमान काहीही असो. तोटा राज्याने भरावा, सवलतींचे पैसे भरतंच की.

ग्रामसभेत हा ठराव मांडायला काहीच हरकत नाही. मुंबईकरांनो, तुम्ही गणपतीत याल तेव्हा बैठकीत तुम्हीही बोला. जादा गाड्या तुमच्यासाठी सुटतात, तुमचं ऐकतात.